आठपेडी

फॉल रिव्हरला, ग्रॅनाइटच्या एका बंद गिरणीत,
तळमजल्यावर ऑडेट अरूडाचं दुकान.
गळ, शिसं, फ्रिजमध्ये दुधाशेजारी जिवंत किडे,
आणि अख्खी एक भिंत दोरांची.

नवं रीळ काउंटरवर ठेवून मी म्हटलं,
खाऱ्या पाण्यासाठी, किनाऱ्यावरून टाकायला. दोर सुचवा.
तिनं चष्म्यावरून पाहिलं.
"काय तुटलेलं चालेल तुम्हाला?"

मी गप्प.
"काहीतरी तुटतंच. दोर, गाठ, काठी,
नाहीतर गळ सरळ होतो.
ते आधी ठरवायचं, मग पौंड बघायचे."

पहिल्यांदा तिनं तंगूस उतरवला.
एकच तंतू, काचेसारखा. ओढला की लांबतो.
"मासा झटका देतो तेव्हा हा थोडं त्याचंही ऐकतो.
पण लांबवर चावा झाला
तर बातमी तुमच्यापर्यंत उशिरा येते.
आणि फार दिवस रिळावर राहिला
तर रिळाचाच आकार घेतो,
बाहेर सोडला तरी वेटोळ्यातच चालतो."
सव्वीस वर्षं रात्रपाळी केलेला मी
यावर काही बोललो नाही.

मग ती म्हणाली, "ब्रेड."
मला क्षणभर पाव ऐकू आला.
हातात घेतल्यावर बोटांनीच सांगितलं:
वेणी आहे ही. आठपेडी.
शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, पेलते तीस पौंड.
चौपेडी स्वस्त, खडकाला घासली तरी टिकते,
पण कड्यांतून जाताना कुरकुरते.
ही मुकी जाते, आणि लांब जाते.

मी नखानं पेड उकलत होतो.
"तुम्ही सूत बघितल्यासारखं बघताय," ऑडेट म्हणाली.
"माझी आई याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
भरलेल्या कांड्या काढायची.
कान गेले, पण बोटं शेवटपर्यंत शाबूत."
मी म्हटलं, इचलकरंजी. आबांचे चार माग, पत्र्याखाली.
तिला गाव कळलं नाही, माग कळले.
तिथनं आमचं सूत जुळलं.

गाठ मला येते, मी म्हटलं जरा ऐटीत.
ताण्याचा धागा तुटला की आबा मारायचे ती,
एका हातानं: थुंकी, अंगठा, झालं.
सातवीत शिकलेली. मारली. ओढली.
अळवाच्या पानावरनं थेंब जावा
तशी घसरून गेली.

"कापसाला चालेल," ती म्हणाली, हसली नाही.
"हिला पकडच नाही. हिला गुंडाळून गुंडाळून राजी करायचं."
पुढच्या जाड, पाण्यात न दिसणाऱ्या तुकड्यावर
एकदा वरून, एकदा खालून, वीस वेढे.
तिसऱ्या खेपेला जमलं.
"आता थुंकी," ती म्हणाली.
ती मात्र तीच होती.

रीळ भरण्याआधी तळाशी तिनं
त्याच स्वस्त तंगूसाचे पंधराएक वेढे घातले.
वेणी थेट धातूवर बांधली तर
अख्खीच्या अख्खी गरगर फिरते;
बाहेरून रीळ भरलेलं दिसतं,
खरं काय ते मासा ओढतो तेव्हा कळतं.
मी विचारलं, पैसे याचेही?
"तो कुणाला दिसत नाही," ती म्हणाली. "त्याचे नाही."

शनिवारी हॉर्सनेकला, पहाटे साडेचार.
वाऱ्यानं दोराला पोट आलेलं.
तरी तर्जनीवर सगळं येत होतं:
शेवाळ, गोटे, ओहोटीची ओढ,
कुणीतरी नाक लावून मागे सरलेलं.
मग एक धडक. रीळ किंचाळलं.
किती वेळ, सांगता येत नाही.
आणि मग हातात नुसता हलका दोर.

गोळा करून टॉर्च लावला.
गाठीच्या वीतभर खाली, दातांनी स्वच्छ कापलेलं.
ब्लूफिश असणार.
गाठ होती तिथेच होती.

घरी मोरीत नळाखाली रीळ धरून बसलो,
मीठ जाईपर्यंत.
बायको म्हणाली, काय मिळालं?
म्हटलं, सोमवारी दुकानात जायचंय,
एकीला उत्तर द्यायचं राहिलंय.