एक जून

शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलं : एक जून.
वर्गातल्या बावीस जणांचा वाढदिवस तोच.
आई एवढंच सांगायची,
सुकडी खाल्ली त्याच्या पुढचं साल,
नाचणी कापायला आलेली,
कोंबडा आरवायच्या आत उतरंड हलली,
वरचं बोळकं फुटलं, आणि तू.

मोरगिरीत भूकंप म्हणजे पाहुणा नव्हे,
घरातलाच खोकणारा म्हातारा.

यंदा पन्नाशीचा केक मुलीनं आणला, जूनमध्ये.
कापताना वाटलं, हा दुसऱ्या कुणाचातरी.
रात्री गूगलला विचारलं.
त्यानं सदुसष्ट सालचा मोठा दाखवला, पुन्हा पुन्हा तोच,
मग जन्मरास, मग धरणाकाठची एसी खोली.
बोळकं फोडणाऱ्याला कोण विचारतं?

पाटणच्या कॉलेजात, ग्रंथालयातल्या तांबोळी मॅडम म्हणाल्या,
"तो रस्त्यानं जाता जाता ओट्यावरचं बघतो.
माजघरातलं हवं असेल
तर दार वाजवून नेमकं मागावं लागतं."
भूकंपांची वही भलत्याच पत्त्यावर निघाली.
तिथं शब्द चालत नव्हते.
अक्षांश. रेखांश. पासून. पर्यंत. किमान तीव्रता.
माझं गाव मी पहिल्यांदाच आकड्यांत लिहिलं :
सतरा आणि वर थोडं,
त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तराला टेकलेलं.

पान उघडलं.
किती हलत होतो आम्ही!
एका ऑक्टोबरात एकोणचाळीस,
कुणालाही न उठवता गेलेलेसुद्धा
सेकंदासकट, ओळीनं.
वेळ ग्रिनिचची, साडेपाच तास मिळवा, मॅडम म्हणाल्या.
मिळवत गेले तशा रात्री सरकून पहाटे झाल्या,
तारखा एकेक घर पुढं बसल्या.
कोंबड्याच्या आतले दोनच उरले :
आठ तारखेचा, तीन बावन्नला, बारीक.
अकराचा, चार वाजून सहा मिनिटं, जरासा दणका.

कागद छापून घरी नेला.
आईला हल्ली ओरडून सांगावं लागतं.
"आठ का अकरा?"
तिनं कागद उलटा धरला, मग सुलटा, मग मांडीवर ठेवला.
"बोळक्यात मीठ हुतं," म्हणाली.
"अंधारात येचत बसली माझी सासू.
तू रडतीयास हिकडं, आन् तिचा जीव मिठात."

आधार कार्डावर एक जूनच राहू दे.
या ऑक्टोबरात आठाला मी चारच्या आधी
उठून बसले, दिवा न लावता.
अकराला पुन्हा.