घोसाळं

शब्द तिनेच निवडला.
मी म्हटलं होतं, फुलाचं नाव घेऊ, पटकन आठवेल.
कस्तुरीने ताटाकडे बघून नाक मुरडलं,
"घोसाळं."
बरं, घोसाळं.
"आईने पाठवलंय" म्हणत कुणीही आलं,
घाईत, रडत, खाऊ घेऊन, ओळखीचं, बिनओळखीचं,
आधी शब्द विचारायचा.
शब्द नाही तर हात द्यायचा नाही.

पत्ता ती "तीन टाकीजवळ" एवढाच सांगायची.
अगं, अर्धं कोपरखैरणं तीन टाकीजवळ राहतं.
मग सेक्टर, ओळ, खोली,
आणि माझ्या फोनचे दहा आकडे, वेणी घालताना,
पेडावर पेड,
शेवटचं शून्य रिबिनीच्या गाठीला.

आंघोळीच्या वेळचं सांगणं जड गेलं.
तोंडाला साबण, डोळे घट्ट मिटलेले,
बरं झालं, माझा चेहरा तिला दिसला नाही.
म्हटलं, ही जागा फक्त तुझी.
आजारी असशील तर डॉक्टर, तेही मी शेजारी असताना.
"आणि मामा?"
मामाही नाही.
"आणि देवबाप्पा?"
तो तर कुणाला हातच लावत नाही.

आणि कुणी म्हणालं, आईला सांगू नकोस,
तर तेच सगळ्यात आधी सांगायचं.
मी रागावणार नाही.
"रागावलीस तर?"
तरी सांग.

माझ्या लहानपणी असा शब्द नव्हता.
पाहुण्यांना पापा दे, म्हणायचे. मी द्यायची.
त्यातल्या एकाला तपकिरीचा वास यायचा.
एवढंच लिहिते.

दिवाळीत माझा भाऊ आला, तिला उचलायला वाकला.
ती म्हणाली, "नको. टाळी देते."
सगळे हसले. माझ्या ओठांवर माझ्या आईचं वाक्य आलं,
अगं, मामा ना तो!
चकलीबरोबर गिळलं.
भाऊ शहाणा. त्याने हात पुढे केला.

मग एका गुरुवारी
वाशीच्या बाजारात गाड्या कमी आल्या, हणमंत लवकर सुटला.
मनात आलं, आज पोरीला आपण आणावी.
तीन वर्षांत पहिल्यांदा पाळणाघराच्या दारात,
पाठीवर गोणी घेऊन पळणारा माणूस,
केसांत अजून कांद्याची टरफलं.
पेडणेकरबाई म्हणाल्या, "आपण कोण?"
"बाप."
चपलांच्या फडताळाआडून कस्तुरी म्हणाली, "शब्द?"

शब्द मी त्याला सांगितला होता, एका रात्री.
तो हं म्हणाला होता.
घोरायच्या आधीचं हं.

"कांदा?"
"नाही."
"बटाटा?"
"नाही."
"अगं कस्तुरे, मी बाबा!"
"माहितीये," ती म्हणाली. "पण नियम."

त्याने मला अकरा फोन लावले.
महाप्याच्या कंपनीत फोन लॉकरमध्ये राहतो,
मी बल्बच्या खोक्यांवर लेबलं चिकटवत होते.

सव्वासहाला पोचले तर नवरा पायरीवर.
शेजारी रिकामा डबा, आणि पाण्याचा ग्लास,
तो आतून तिनेच पाठवलेला, बाईंच्या हातून.
वाटलं, आता भडकणार.
तो म्हणाला, "आली नाही गं."
थोड्या वेळाने, "माझ्याबरोबरसुद्धा नाही आली."
आणि चेहरा असा, जणू पोरीने
एकटीने अख्खा ट्रक खाली केला.

मी जाळीशी जाऊन शब्द म्हटला. घाईत, मोठ्याने.
कस्तुरी आली. दप्तर, बाटली, एक मोजा हरवलेला.
बाबांचं बोट धरलं, दोन पावलं चालली, थांबली.
"आई, सगळ्यांनी ऐकलं.
रिक्षावाल्या काकांनी पण.
आता घोसाळं बाद."

रात्री एका पांघरुणात तिघांनी डोकी घातली.
हणमंताने तीनदा म्हणून दाखवला.
तळहातावर लिहून ठेवू का, विचारलं,
तर तिने डोळे वटारले.

नवा शब्द चांगला आहे.
भाजी आहे की नाही,
तेही सांगणार नाही.