सतराचे अठरा

शिरोलीच्या सबस्टेशनात सकाळी सात वाजता
मी रजिस्टर उघडतो, पेन झटकतो.
तेलाचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट,
आणि शेवटच्या रकान्यात
आर-फेजच्या अरेस्टरखालच्या डबीतला आकडा.
काल सतरा.
आज अठरा.

रात्री वळवानं झोडपलं.
जोतिबाच्या अंगानं कडकडत आला, हुपरीकडं गेला.
मी खुर्चीत जागा, हात फोनवर.
लाइट गेली की पहिला फोन फाउंड्रीचा असतो:
"ओ, भट्टीत दोन टन लोखंड हाय,
गोठलं तर कुणाच्या नावावर घालू?"
फोन वाजला नाही.
दिवा एकदा मिचकला,
पंख्यानं जरा दम खाल्ला,
एवढंच.

पूर्वी इथं चिनी मातीचे होते.
तपकिरी, चकचकीत, समईसारखे ताठ.
एकाच्या आत ओल शिरली, कुणाला कळलं नाही.
अशाच एका वळवात तो फुटला,
ठिकऱ्या कुंपण ओलांडून उसात गेल्या,
एक शामराव खोताच्या भुवईत.
अजून तो हसला
की ती भुवई थोडी मागून वर जाते.

मग हे आले, राखाडी, रबरी अंगाचे.
शबाना नदाफनं स्टोअरमधून
एकटीनं काखेत मारून आणला.
शामराव म्हणाला, "ह्ये खेळणं इजंला अडवणार?"
ती नट आवळत होती.
"अडवत न्हाई मामा. वाट देतंय."

अंगावर छत्र्या, एकीखाली एक.
भट्ट्यांची काजळी बसते,
तरी पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं,
अळवाच्या पानाची जात.
पोटात जस्ताच्या भस्माच्या भाजलेल्या चकत्या,
दुरडीतल्या भाकरींसारख्या रचलेल्या.
वर्ष-वर्ष काही करत नाहीत.
डोक्यावर तेहतीस केव्ही, पायाखाली जमीन,
आणि हे ढिम्म,
पारावर बसल्यागत.
साहेब एकदा म्हणालेही,
"ह्यांचा नेमका उपयोग काय, लिहून द्या."

मग एखाद्या रात्री
पापणी लवायच्या कितीतरी आधी
सताड दार उघडून
आभाळातलं ते सगळं खाली,
मीठ-कोळशाच्या खड्ड्यात,
आणि दार पुन्हा बंद.
धूर नाही, वास नाही.
डबीतला आकडा तेवढा एक घर पुढं.

शेरा लिहायचा असतो.
मी लिहितो: निरंक.
खोडतो. परत तेच लिहितो.

आठला शबाना येते, डबा खुंटीला अडकवते.
"काय झालं का रात्री?"
"न्हाई."
ती तरी यार्डात जाते,
खडीवरून, रबरी बूट करकरत,
कुंपणाच्या ह्या बाजूनं वाकून डबीकडं बघते.

"अठरा," म्हणते,
आणि खड्ड्यात ओतायला
बादली भरायला जाते.
वरची माती तेवढी भिजलीय,
खाली अजून कोरडंच असणार.