डावरा

महापेला, चौथ्या मजल्यावर, रात्रपाळीत
मी जर्मनीतली एक गल्ली काढते.
ड्रेस्डेन. नदीपलीकडची जुनी पेठ.
त्यांनी लेझरने मोजून पाठवलेत भिंतींचे ठिपके,
बावीस कोटी. मी जोडत बसते.

बरोक म्हणजे काय ते पहिल्याच आठवड्यात कळलं:
सरळ जाता येत असूनही दगडाने घेतलेलं वळण.
दारावर शिंपला, शिंपल्यात पोर,
पोराच्या गालावर शेवाळ, नाक उडालेलं.
खिडक्यांच्या माथ्यावर वेलबुट्ट्यांच्या जोड्या,
जिलबीसारख्या आत आत वळत गेलेल्या.
लग्नघरासारखं फुगलेलं, लाडावलेलं सगळं.
दगड पिवळा, वाळूचा. तोही म्हणे
वय होईल तसा काळा पडतो.
आमचा जन्मतःच काळा.

घर नंबर सात, दुसरी खिडकी.
उजवीकडची वेलबुट्टी डावीसारखी नाही.
अर्धा वेढा जास्त, आणि घाव उलट्या अंगाने.
प्राची म्हणाली, मिरर मार, कोण बघतंय,
शुक्रवारी डिलिव्हरी आहे.
माझं बोट त्या बटणावर गेलंही होतं.

फोटो बाहेर न्यायला मनाई आहे. नेला.
रविवारी तुर्भ्याला, अण्णांपुढे धरला.
खाण बंद होऊन बारा वर्षं झाली,
त्यांच्या डोळ्यात चिपरी गेल्याला त्याहून जास्त.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात.
अण्णांच्या डोंगराला खडीपण आलं.
त्यावरून गाड्या छान पळतात.

त्यांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, तिरका केला,
अंगठ्याने काचेवर घाव चाचपायला लागले.
फोटो सरकत गेला. मी परत आणला.
"डावरा व्हता ह्यो," म्हणाले.
"डावी बाजू दुसऱ्याची. ही ह्याची."
मग जरा थांबून:
"रोज किती देत व्हते?"
तीनशे वर्षांपूर्वीचं
मला काय ठाऊक.

सोमवारी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
चूक नाही. कारागीर डावखुरा.
रात्री दोनला तिकडून उत्तर आलं: फारच रोचक. आधार?

कर्सर लुकलुकत राहिला.
पॅन्ट्रीत कोणीतरी चहाच्या मशीनला
बुक्क्या घालत होतं.
मी टाइप केलं:
दुर्गप्पा विटकर, तुर्भे स्टोअर. दगडकाम, एकतीस वर्षं.

आणि पुढचं घर उघडलं, नंबर नऊ.
ह्याच्या दारावर सिंह आहे.
कोरणाऱ्याने सिंह पाहिलेला नव्हता,
हे लगेच कळतं.