रुळला

ब्रोगनने स्वतःची फाइल मागितली
तेव्हा तो एकोणीस वर्षं आणि बावीस दिवसांचा होता.
अर्जावर कारण लिहायला चार ओळी होत्या.
त्याने लिहिलं: बघायचीय.

फाइल यायला पाच महिने लागले.
अकराशे चाळीस पानं, दोन खोकी,
आणि जिथे जिथे दुसऱ्या कुणाचं नाव होतं
तिथे काळ्या पट्ट्या.
आई जिथे बोलली असेल, तिथे सगळ्यात जाड.

ग्रिम्सबीच्या ऑफिसात, मागच्या खोलीत,
जिथला हीटर नुसता आवाज करतो,
आम्ही समोरासमोर नाही, शेजारी शेजारी बसलो.
हे मीच शिकवते नव्या मुलींना:
मधे टेबल आलं की तुम्ही सरकार होता.

त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.
'तुला घाई नाही ना, रोवीना?'
दोन वाजता बजेटची मीटिंग होती.
नाही, म्हटलं.

तो वाचायला हळू. ओळीखाली बोट ठेवून वाचतो.
सहा शाळा झाल्या त्याच्या,
आणि प्रत्येकीत पहिलाच धडा.

पान एकशे सतरा. नऊ नोव्हेंबर.
'मुलगा नव्या घरी चांगला रुळला आहे.
जेवला. प्रश्न विचारले नाहीत.'
खाली सही. माझी.
सहीतलं पहिलं अक्षर काय ऐटदार होतं तेव्हा.

'रुळला म्हणजे?' त्याने विचारलं.

सव्वीस वर्षं हे काम करते.
ज्येष्ठ म्हणतात मला; माझ्या सहीशिवाय
या गावातलं एकही मूल उशी बदलत नाही.
आणि मला तो शब्द सांगता येईना.

रुळते ती वाट,
हजार पावलांनी तुडवल्यावर.
रुळतात ते केस, कुणीतरी विंचरलेले, खांद्यावर.
सात वर्षांचं पोर
चार ते साडेपाचच्या दरम्यान काय रुळणार?

'मी त्या रात्री बूट काढले नव्हते,' तो म्हणाला,
'पांघरुणात पण. ती बाई ओरडली नाही हां, चांगली होती.
मला वाटलेलं तू गाडी वळवून येशील.
तुझा एक दिवा फुटका होता ना,
म्हणून खिडकीतून ओळखायला सोपं.
रस्त्यावर किती गाड्या आल्या, सगळ्यांचे दोन दोन.'

होता फुटका. डावीकडचा.
पगार होईपर्यंत तसाच चालवला होता.
अकराशे चाळीस पानांत हे कुठेच नाही.

माफी मागायला मी तोंड उघडलं
तोवर त्याने खिशातून सॉसेज रोल काढला,
मधोमध मोडला,
मोठा तुकडा कागदासकट माझ्यापुढे सरकवला.
'खा. भूक लागली की तुझा चेहरा कोर्टातल्यासारखा होतो.'

खाल्ला. थंड होता.
दारावर कुणीतरी टकटक केली, थांबली, पुन्हा केली.
बाहेर वाऱ्याने बंदराकडून मासळीचा वास आणला.
आम्ही दोनशे तीस पानांपर्यंत पोचलो.
एका ठिकाणी तो हसला,
कुठल्याशा शिक्षिकेने त्याला 'नेतृत्वगुण' लिहिले होते
कारण त्याने पाच पोरांना कुंपणावरून पळवलं होतं.

मग उठला. विजेच्या मीटरमध्ये पैसे भरायचे होते,
दुकान पाचला बंद होतं.
'खोकी तुझ्याकडेच राहू देत. माझ्या खोलीत ओल येते.
गुरुवारी येतो.'
येईल. किंवा त्याच्या पुढच्या गुरुवारी येईल.

साडेपाचला एन्विन अहवाल घेऊन आली, सहीसाठी.
नवी आहे, अक्षर सुरेख आहे.
'मुलगी नव्या घरी चांगली रुळली आहे.'
पेन उघडून मी तशीच बसले.
'तिने बूट काढले का गं?'
एन्विनला वाटलं, मी दमलेय.
'फॉर्ममध्ये तसा रकाना नाहीये, रोवीना.'

मी तिला समास दाखवला.
तिने कोट परत अंगावर चढवला
आणि फोन लावायला बाहेर गेली.