जमिनीवरचं खरं

पडद्यावर दोन ठिपके, एकमेकांना खेटून.
एक जांभूळवहाळ. एक नेरळेहळ्ळ.
पहिल्यात विहिरी सदतीस, दुसऱ्यात छत्तीस.
उंबरे एकशे चार, आणि एकशे दोन.
मशीन अक्षर न् अक्षर ताडून पाहतं
आणि शेरा मारतं: साम्य नगण्य.
त्याचं चुकत नाही.
कानडीत जांभळाला नेरळे म्हणतात
हे त्याच्या कुठल्याच रकान्यात नाही.

मी बेळगावात, टिळकवाडीतल्या एका तिसऱ्या मजल्यावर
आटलेल्या विहिरींचा नकाशा रंगवते.
तालुक्यानं मोजलं तर सगळं खानापूर निळं, निवांत.
गावानं मोजलं तर पिवळं.
दोन-दोन किलोमीटरचे चौकोन पाडले
की जंगलाच्या कडेला एकच चौकोन पेटतो, लालभडक.
विहिरी त्याच. मी फक्त चाळण बदलली.
सर नाशिकहून लिहितात: क्लस्टर देखणा आहे,
निबंध ह्याच चौकोनावर उभा करू.

पश्चिमेला राज्याची रेघ,
रेघेपलीकडे करडा रंग.
करडा म्हणजे माहिती उपलब्ध नाही.
ओढा करड्यातूनच येतो.

सकाळच्या बसनं गेले.
फोन म्हणाला, तू ओढ्याच्या मधोमध उभी आहेस.
चपला कोरड्या होत्या.
पाणी सोडणारा शिद्राय
व्हॉल्व्हची चावी मांडीवर घेऊन काठावर बसलेला.
त्याला दोन्ही ठिपके दाखवले. हसला.
"नावं दोन हाईत, खरं गाव एकच की.
ह्या काठानं हाक मारली की जांभूळवहाळ,
त्या काठानं नेरळेहळ्ळ.
आई माझी त्या काठची, बा ह्या काठचा.
मला कुठल्या ठिपक्यात घालतीस?"

मग सदतिसावी विहीर?
ती निघाली गंगव्वाच्या परसात, केळीच्या आडोशाला.
"पयल्या सर्वेवाल्यानं च्या घेतला, त्याला दाखवली.
दुसरा उभ्या उभ्या लिहून गेला.
त्याला कशाला?"
मी दोन कप घेतले.

रात्री दोन ओळींची एक ओळ केली.
चौकोन विझत गेला: लाल, नारिंगी,
मग शेजाऱ्यांसारखाच फिका.
म्हणजे तिथं कोरडं काही नव्हतं असं नाही.
गंगव्वाच्या विहिरीत मी वाकून पाहिलं होतं,
तळाशी गाळाला भेगा,
काठावर दोर गुंडाळून ठेवलेला, जुन्या सवयीनं.
एका विहिरीची तहान ह्या मापावर दिसत नाही,
एवढंच.

आता नावाचा रकाना.
त्यात एकच नाव मावतं.
बराच वेळ बोट अधांतरी ठेवून बसले,
शेवटी 'हाक' नावाचा नवा रकाना उघडला,
त्यात लिहिलं: कुठल्या काठानं, त्यावर आहे.
सॉफ्टवेअर म्हणालं, हा प्रकार ओळखीचा नाही.

सरांचा निरोप आला: क्लस्टर कुठे गेला?
लिहिलं, ठिपका एकच होता, सर. खरं
आणि तिथंच थांबले.
सर नाशिकचे. ते वाचतील: सत्य.
आमच्या गल्लीत कुणीही वाचेल: पण.
तसाच पाठवून दिला.

एक सांगायचं राहिलं.
गंगव्वानं निघताना ओंजळभर जांभळं दिली होती,
ती मी नोंदींच्या कागदांवरच ठेवली.
कागद स्कॅन केले तेव्हा
त्यातला एक डाग मशीननं तलाव म्हणून नोंदवला,
पाऊण हेक्टर, बारमाही.
नकाशावर तो निळा दिसतो, गावाच्या अगदी उशाशी.
खोडायला हवा.
उद्या खोडीन.