बोटभर अलीकडे

सक्करदऱ्याच्या मनपा शाळेत, सुट्टीतल्या वर्गात
बाकं भिंतीशी ढकलून आम्ही उभ्या राहतो.
फळ्यावर एप्रिलमधला सुविचार,
अर्धा कोणाच्या तरी पाठीनं पुसलेला.
कूलर आहे. पाणी नाही.
साडेसहा वाजले तरी मे महिना
तव्यावरून उतरलेला नाही.

मी बेचाळीस वर्षांची, मेयोत रक्त काढते.
समोर चेतना निनावे, गोळीबार चौकाकडची,
वय सोळा, हिरवा पट्टा, दातांना तारा.
आधी दोघी वाकतो.
मग ती एक पाय मागे घेते
आणि कुठे मारणार ते सांगते.

"जोदान!"

म्हणजे तोंडावर.
पहिल्या दिवसापासून मला हेच आवडलं,
येणारा हात पत्ता सांगून येतो.
एवढी सभ्यता कोणी दाखवली होती?
ना दिरानं,
ना साध्या टपालानं आलेल्या त्या नोटिशीनं.

मूठ खरी, वेग खरा,
पोहोचायची जागाही खरी.
फक्त कातडीच्या बोटभर अलीकडे थांबायचं.
मला कळतं ते.
सुई शिरेत जाते तेव्हा
शिरेची पलीकडची भिंत किती जवळ आहे
हे एकट्या अंगठ्याला माहीत असतं.

परवा लाइन गेली.
तिची मूठ तेव्हा निघालेली होती.
माझा हात उशिरा उठला
की तिचं बोट मोजायला चुकलं, कोण जाणे,
ओठ दातावर आपटला.
जिभेवर खारट लोखंड.
रोज ट्यूबमध्ये भरते तेच,
चव घ्यायची वेळ पहिल्यांदा आली.

मोबाइलचे दिवे लागले. पोरगी रडायच्या बेतात.
"काकू, मी थांबवत होती, खरंच थांबवत होती."
बर्फ नव्हता.
समोरच्या रसवंतीवाल्यानं
स्वतःच्या रुमालात बांधून दिला,
त्याला उसाचा वास.

आज पुन्हा आमचीच जोडी.
जोदान, ती म्हणते,
आणि तिची मूठ हातभर आधीच विरते.
मी अडवते. पुन्हा. पुन्हा.
जेवताना माशी हाकलावी तसा
माझा हात हवा बाजूला सारतो.
छान चाललंय.
कोणाला काही लागत नाही.

डोंगरवार सर रांगेतून येतात,
गालात सुपारी.
"निनावे, काय करून राहिली?"
"लागन ना सर त्यायले."
"अवं, तू मारूनच नाही राहिली,
तं त्या अडवून काय राहिल्या?
इथं खोटं मारशीन
अन् बाहेर खरं आलं,
तं पाहतच राहतीन त्या."

ती मान खाली घालते.
मला माझी मोठी बहीण आठवते, अमरावतीची.
घटस्फोटानंतर ती फोनवर फक्त ऊन सांगते:
आज पंचेचाळीस गं, काल चव्वेचाळीस होतं.
मी म्हणते, इकडे सेहेचाळीस.
दोन वर्षं झाली,
दोघी किती सुंदर अडवतो.

मी पट्टा आवळते.
एक पाऊल पुढे सरकते, अंतर मीच खाते.
"चेतना, बरा झाला ओठ. हे पाह्य."
ओठ उलटा करून दाखवते,
आतली निळसर गाठ, डाळीच्या दाण्याएवढी.
खरं तर ठणकते अजून.
तिला हसू फुटतं, तारा चमकतात,
मागचा पाय फरशीवर करकरतो.

"जोदान."

आवाज बारीक,
पण मूठ येते.
माझा हात अर्ध्यावर असतानाच
ती येऊन थांबलेली असते,
इतकी जवळ
की तिच्या बोटांना कैरीचा वास आहे हे मला कळतं.
दुपारी मीठ लावून खाल्ली असणार.
कोणीच श्वास सोडत नाही.

"हां," सर म्हणतात. "आता तुम्ही मारा, ताई."

मी एक पाय मागे घेते.
कुठे मारणार
ते सांगायला तोंड उघडते.